सात नंबरच्या अकरा मुठी

दुपारी तीन ते पावणेचार या वेळात खुशालरावांना जे काही दिसायचं, ते ते डायरीत ‘निरीक्षण’ या सदराखाली लिहून ठेवत. एकतीस वर्षांत आठ साहेब बदलले, आणि आठही जणांनी त्याखाली सह्या केल्या. निरीक्षण करताना डोळे उघडे असावेत, असं कुठल्याच परिपत्रकात म्हटलेलं नव्हतं.

अकोल्यातल्या एका कापूस संशोधन केंद्रात ते क्षेत्र सहायक होते. शास्त्रज्ञांनी काढलेले नवे वाण गावोगावच्या शेतात शेजारीशेजारी लावायचे, प्रत्येकाचा कापूस वेगळा वेचून वेगळा तोलायचा, आणि आकडे वर पाठवायचे, हे त्यांचं काम. फेब्रुवारीअखेर ते निवृत्त होणार होते. सत्काराची शाल कोणत्या रंगाची येणार हेसुद्धा त्यांना कळलेलं होतं. फक्त त्याआधी एक गोष्ट व्हायची राहिली होती.

चौदा वर्षांपूर्वी एका शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, त्यांना कापसाची एक पऱ्हाटी दिसली होती. भोवतालची झाडं तुडतुड्यांनी लाल पडलेली, आणि ही मधोमध हिरवीगार, जणू आजूबाजूच्या बातम्या तिच्यापर्यंत पोचल्याच नाहीत. खुशालरावांनी तिची चार बोंडं शर्टाच्या खिशात घातली. पुढच्या वर्षी जुन्या शहरातल्या आपल्या गच्चीवर त्यांनी तेलाच्या डब्यांत ती सरकी लावली. त्यातली बरी झाडं ठेवली, मग त्या बऱ्यांतली बरी, आणि असं करता करता केस पिकले. त्यांची बायको शकुनबाई गच्चीवर पापड वाळत घालायला जायची आणि तिथून ओरडायची, “सवतीले पानी देऊन झालं असन तर खाली या. चहा निवून राह्यला.”

शेवटी एका जुन्या साहेबांनी दया येऊन तो वाण चाचणीत घेतला. चाचणी तीन वर्षांची. पहिली दोन कशीबशी पार पडली आणि हे तिसरं, शेवटचं. नेहमीच्या जुन्या वाणाला केंद्रात ‘चेक’ म्हणत. या चेकपेक्षा दहा टक्के जास्त कापूस दिला तर वाण पुढे जायचा, त्याला नाव मिळायचं, शेतकऱ्यापर्यंत पोचायचा. नाही दिला, तर शीतगृहातला त्याचा डबा रिकामा करून तिथे दुसरं बियाणं ठेवायचं. मागे कोणी त्याचं नाव काढत नसे, कारण नाव नसायचंच. असायचा तो नंबर.

यंदा बारा वाण होते, एक ते बारा. कोणता नंबर म्हणजे कोणता वाण, याचा कागद केंद्राच्या नव्या प्रमुख रागिणी मॅडम यांच्या टेबलाच्या खणात, बंद लिफाफ्यात होता. तोलणाऱ्याच्या मनात पक्षपात येऊ नये म्हणून ही व्यवस्था. तिचा खुशालरावांना फार आदर होता. मात्र रोपांना तिसरं पान आलं त्याच दिवशी त्यांनी आपला वाण ओळखला. शाळेच्या प्रार्थनेत शंभर पोरी पाठमोऱ्या उभ्या असल्या, तरी बाप वेणीवरून आपली ओळखतोच. नंबर सात.

त्यांनी हे कोणालाही सांगितलं नाही. सातव्या नंबरजवळ ते जरा जास्त वेळ उभे राहत, एवढंच. मग मन खाई, म्हणून बाकीच्या अकराही नंबरांजवळ तेवढाच वेळ उभे राहत. याला फार वेळ लागे, पाय दुखत, आणि मग निंबाखाली बसून निरीक्षण करणं भाग पडे.

चाचणीचं शेत मोझरीच्या आत, तळखेड गावात, जानराव नावाच्या शेतकऱ्याचं होतं. काळीभोर जमीन, पण काळी जमीनही सगळीकडे सारखी नसते. कुठे खोल, कुठे दोन हातांखाली मुरूम. म्हणून शेताचे चार भाग केलेले, प्रत्येक भागात बारा नंबरांचे बारा तुकडे, आणि कोणता नंबर कुठे हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं. जमिनीचा फायदा कोणालाच मिळू नये, याची सगळी काळजी शास्त्राने घेतली होती. आता वेचायला बाया बाराच आल्या, तेव्हा खुशालरावांनी स्वतःची एक सुधारणा केली. एका बाईने चारही भागांत एकच नंबर वेचायचा, म्हणजे पिशव्यांची सरमिसळ नको. जमिनीसाठी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. बायांसाठी कोणी टाकल्या नाहीत. अशी चूक फार व्यवस्थितपणे सुरू होते, सुतळीने बांधलेली, लेबल लावलेली.

पहिल्या वेच्याच्या सकाळी बायांची मुकादम माणिकबाई हातात दहीभाताची वाटी घेऊन उभी होती. वऱ्हाडात पहिल्या वेचणीआधी सीतादही केल्याशिवाय कापसाला हात लावत नाहीत. एका पऱ्हाटीखाली पाच खडे मांडायचे, त्यांना हळदकुंकू लावायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि वाटीतलं थोडं दही चहूकडे शिंपायचं.

“कोन्त्या झाडाखाली करू, भाऊ?”

खुशालराव दचकले. चाचणीतल्या एका झाडाला दही आणि बाकीच्यांना नाही, हे बरोबर नव्हतं. “बॉर्डरवरच्या झाडाखाली करा. त्याची नोंद होत नाई.”

“देवीले बॉर्डरवर बसवता?”

“देवीले चालते, बाई. साहेबाले चालत नाई.”

माणिकबाईने बॉर्डरवर सीतादही केली, आणि दही शिंपताना हात असा काही फिरवला की चार-दोन थेंब सगळ्याच नंबरांवर पडावेत. शास्त्र आणि देवी दोघांचंही समाधान झालं.

मग नंबर वाटणं आलं. यादी करावी तर कुणाला कडेचा नंबर हवा, कुणाला मैत्रिणीशेजारचा. खुशालराव म्हणाले, “घ्या ज्याले जो पाहिजे तो.” सगळ्यांत वयस्क पार्बताबाई. वय तिला ठाऊक नव्हतं, पण मोझरीच्या आश्रमात महाराज हयात असताना त्यांच्या खंजिरीचा आवाज तिने स्वतःच्या कानांनी ऐकला होता, त्यावरून सगळे आपापला हिशेब करत. ती बाराही तुकड्यांच्या कडेने चालत गेली आणि प्रत्येकातल्या एकेका बोंडाला हात लावत गेली, भाजी बाजारात लावतात तसा. सातव्याशी थांबली.

“मले हा.”

“काहून वो, मावशे?”

“असाच.”

खुशालरावांच्या छातीत काहीतरी मऊ हललं. त्यांनी वहीत लिहिलं: सात, पार्बताबाई. दहा नंबर होता बदामी रंगाच्या कापसाचा. जन्मतःच त्या रंगाचा, रंगवायला लागू नये म्हणून काढलेला. तो सर्वांत तरुण दामिनीच्या वाट्याला आला.

“हे काय, मलेच मयका कापूस?”

“मयका नाई, रंगच तसा हाये त्याचा.”

“धुतला तं निघन का?”

“निघत नाई, म्हनून तं एवढा खर्च केला सरकारनं.”

दामिनीने एक बोंड गालाला लावून पाहिलं आणि म्हणाली, “बरा हाये. माह्याच रंगाचा हाये.”

दसरा सरला होता. उन्हाचा डंख गेलेला आणि थंडीचा अजून पत्ता नाही, असे मधले दिवस. असं ऊन अंगावर पडत नाही, अंगाशी येऊन बसतं. शेत पांढरं फुटलेलं. वेचणाऱ्या बाया त्या पांढऱ्यात कमरेइतक्या बुडालेल्या, डोक्यावरचे पदर तेवढे हलताना दिसत. मधूनच एखादा पुंजका बोंडातून सुटायचा आणि हवेत तरंगत राहायचा, खाली यावं की न यावं याचा विचार करत. निंबाखाली टेकलेल्या खुशालरावांनी त्याच्यावर नजर ठेवली. पुंजका पापणीपर्यंत आला. पापणी खाली आली. तीन वाजले होते.

त्यांना दिसलं ते असं. शेतातला सगळा आवाज कोणीतरी कापसात गुंडाळून ठेवला होता. धुऱ्यावर पार्बताबाई पाय पसरून बसली होती, कमरेची ओटी मांडीवर उघडी टाकून. एकेक बाई पऱ्हाटीतून बाहेर यायची, पाय जमिनीला लागतात की नाही कळू नये अशी. आपल्या ओटीत हात घालायची, मूठभर कापूस काढायची, म्हातारीच्या ओटीत मूठ उघडायची आणि पुढे सरकून धुक्यात विरघळावी तशी नाहीशी व्हायची. म्हातारी वर बघत नव्हती. झाड पाखरांकडे बघतं का? एक, दोन, पाच, नऊ. खुशालराव झोपेतही मोजत होते, सवयच तशी. शेवटची मूठ बदामी रंगाची निघाली. स्वप्नातसुद्धा दहा नंबरचा रंग जात नाही, असं त्यांच्या मनात आलं, आणि पक्का रंग असल्याबद्दल त्यांनी मनातल्या मनात त्या वाणाला एक गुण दिला.

डोळे उघडले तेव्हा पावणेचार झाले होते. बारा पिशव्या काट्याजवळ ओळीने उभ्या होत्या आणि बाया हातपाय धूत होत्या. त्यांनी डायरीत लिहिलं: ‘दु. ३.२०. शेत शांत. धुऱ्यावरील एका झाडावर अकरा पक्षी उतरले. दहा पांढरे, एक बदामी.’ मग पिशव्या तोलल्या. आठवड्याने डायरीवर रागिणी मॅडमची सही झाली.

शेताचे चार भाग म्हणजे एका वेच्याला चार दिवसांच्या चार खेपा. वेचे तीन झाले, शेवटचा जानेवारीत. तेच झाड, तेच अकरा पक्षी खुशालरावांना सगळ्या बाराही दुपारी दिसले. आता वय झालं, नवी स्वप्नं कुठून पडणार, असं समजून त्यांनी तीही प्रामाणिकपणे लिहून ठेवली.

जानेवारीच्या शेवटी आकडे जुळवले. चेकच्या पिशवीची सरासरी तीन किलो. सात नंबरची तीन किलो तीनशे चाळीस. अकरा टक्क्यांवर जास्त.

रागिणी मॅडम अमरावतीच्या, वय छत्तीस, आणि आकडे बघताना चष्मा वर ढकलायची त्यांना सवय होती. चष्मा पार केसांत गेला. “खुशालराव, कमाल आहे. खोल जमीन असो की मुरूम, सगळीकडे सारखाच जास्त! इतका भरवशाचा वाण मी पाहिला नाही.” त्यांनी लिफाफा फोडला, कागद वाचला आणि उठून उभ्या राहिल्या. “हा तर तुमचा!”

“असं का?” खुशालराव म्हणाले. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी याहून चांगला अभिनय केला नव्हता.

“नाव काय ठेवायचं ते उद्यापर्यंत सांगा. रुईचा नमुना काढून आणा, म्हणजे परवा अहवाल पाठवून देऊ.”

त्या दिवशी ते मोर्णेच्या पुलावरून घरी चालत गेले. पुलावर गर्दी होती, पण तिचा त्यांना स्पर्श झाला नाही. ते पुलाच्या वीतभर वरून चालले होते. जेवताना त्यांनी विषय काढला.

“शकुन, वाण पास झाला. मी म्हनतो, तुह्यंच नाव देऊ त्याले.”

शकुनबाईचा भाकरीवरचा हात थांबला. डोळ्यांत क्षणभर पाणी तरारल्यासारखं झालं. मग ती म्हणाली, “नका देऊ.”

“काहून?”

“उद्या पेपरात येईन, शकुनवर मावा पडला. शकुनले बोंडअळी लागली. गावोगावचे लोक धुऱ्यावर उभे राहून म्हनतीन, यंदा शकुन काही खरी नाई. मले नाई चालनार ते.”

खुशालरावांना हे पटलं. तरी झोपताना ते ‘शकुन’ हा शब्द बियाण्याच्या थैलीवर लिहून पाहत होते, कधी हिरव्या अक्षरांत, कधी लाल.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रातल्या छोट्या जिनवर ते सात नंबरची पहिली पिशवी घेऊन गेले. रुई एका बाजूला, सरकी दुसऱ्या बाजूला, अशी जिन फिरू लागली. पांढरी, तलम रुई सायीसारखी उतरत होती. तिच्याकडे बघता बघता खुशालरावांचे डोळे जड झाले, आणि त्या सायीत एक बदामी पट्टा आला.

त्यांनी डोळे चोळले. वाजले होते साडेअकरा. ही निरीक्षणाची वेळच नव्हती.

जिन बंद करून त्यांनी पिशवी सतरंजीवर उपडी केली. पांढऱ्या ढिगात एका जागी, मूठ उघडून ठेवावी तसा, बदामी कापूस होता. दुसरी पिशवी उपडी केली. तिच्यातही एक मूठ. तिसरी. चौथी. बाराही पिशव्या सतरंजीवर आल्या आणि बारा बदामी मुठी निघाल्या. खुशालराव त्या पांढऱ्या डोंगराशेजारी बसले. मग उठून कपाटातून डायरी काढली आणि आपणच लिहिलेलं वाचलं. दहा पांढरे, एक बदामी.

बदामी मूठ तेवढी दिसली होती. तिच्याबरोबर आलेल्या दहा पांढऱ्या मुठी त्या पांढऱ्यात कुठे होत्या, ते आता देवीलाही सांगता आलं नसतं.

दुपारच्या एसटीने ते निघाले, हातात तराजू. तळखेडला पोचले तेव्हा माणिकबाईच्या अंगणात बाया तुरीच्या शेंगा झोडपत होत्या. खुशालरावांनी पाणी घेतलं, गूळ घेतला, जानरावाची खुशाली विचारली आणि मग विचारलं, “बाई, म्या झोपलो असतानी तुमी पार्बतामावशीच्या ओटीत कापूस टाकत होत्या का?”

“तुमी झोपले होते?” दामिनी म्हणाली. “आमाले वाटे, तुमी ध्यान लावून बसता.”

“टाकत होतो ना,” माणिकबाई म्हणाली. “म्हातारीची मूठ ते. जी सगळ्यात मोठी, तिले प्रत्येकीनं एक मूठ द्या लागते, वजनाच्या आंधी. माह्या सासूले दिली, तिच्या सासूले दिली. रीतच हाये आमच्या टोळीची.”

“अवो, पन ते किलोवर वेचतानी ठीक हाये. इथं तं तुमी रोजावर होत्या. कमी वेचलं काय न् जास्त वेचलं काय!”

माणिकबाईने हातातली काठी खाली ठेवली. “आमी रोजावर आलो, तं मोठी बाई लहान होते का?”

खुशालरावांनी हातातला गूळ तोंडात टाकला.

पार्बताबाई भिंतीला टेकून शेंगा निवडत होती. तिने मान वर केली. “काई चुकलं का, बापू?”

“नाई मावशे. तुमचं काय चुकते?” ते तिच्यापाशी बसले. “मले एक सांग. त्या दिवशी तू सात नंबरच काहून घेतला?”

म्हातारीने आपले दोन्ही हात पुढे केले. नखांच्या कडांना चिरा, बोटांच्या टोकांना बारीक काळे व्रण, साठ वर्षांच्या वेचणीतल्या बोंडांच्या टोकांनी केलेले. “बाकीचे बोचते रे. वायल्या बोंडाचे काटे नखात शिरते. तुह्या सात नंबरचं बोंड उलटं पान होऊन मागं पडते. बाकीचा कापूस वेचा लागते. हा हाती येते.”

खुशालराव चौदा वर्षं त्या झाडाबरोबर राहिले होते. त्याच्या बोंडांची संख्या, वजन, रुईचा उतारा, धाग्याची लांबी, सगळं त्यांना पाठ होतं. पण ते बोंड बोचत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी ते कधी दिवसभर वेचलंच नव्हतं.

“बरं, आता मुठी दाखवा,” ते म्हणाले आणि तराजू काढला.

माणिकबाईच्या घरातला कापूस अंगणात आला. बाया हसत-लाजत एकेक पुढे आल्या आणि मुठी भरू लागल्या. रूपालीची मूठ भरली वीस ग्रॅम.

“चिक्कट हाये ते आधीपासून,” दामिनी म्हणाली.

दामिनीची एकवीस. “आता बोल!” रूपाली म्हणाली. माणिकबाईने मूठ टाकली आणि तराजूचं पारडं दगडासारखं खाली गेलं, बेचाळीस ग्रॅम. प्रत्येकीच्या तीन-तीन मुठी तोलून खुशालरावांनी सरासरी काढली. सव्वीस ग्रॅम. ही आपल्या भागातली, बहुधा मुठींची पहिलीच शास्त्रशुद्ध चाचणी, आणि तिच्यात माणिकबाई हा वाण सर्वांत सरस ठरला.

परतीच्या एसटीत त्यांनी तिकिटाच्या मागे गणित केलं. अकरा मुठी म्हणजे दोनशे शहाऐंशी ग्रॅम. ते सातातून गेले. चेकमधून गेलेली एक मूठ चेकला परत. सात नंबर चेकपेक्षा एक टक्का जास्त. दहा हवे होते.

खिडकीबाहेर वेचून झालेली शेतं मागे पळत होती. बोडक्या पऱ्हाट्यांवर चुकलेले पांढरे ठिपके राहिले होते. खुशालराव त्या ठिपक्यांकडे बघत राहिले. तिकीट त्यांनी दोनदा मुठीत चुरगळलं आणि दोनदा मांडीवर ठेवून सरळ केलं. बदामी मुठी काढून टाकल्या की पिशव्या पांढऱ्या. पांढऱ्यातलं पांढरं शोधणारा माणूस अजून जन्मला नव्हता. अकोला येईपर्यंत हा विचार त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून आला. स्टँडवर दोघे वेगवेगळ्या दारांनी उतरले.

रागिणी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा खाली आला. “खुशालराव, कोणाला कळलं नसतं.”

“खरं हाये.”

“आणि महिन्याभरात तुम्ही निवृत्त. चौदा वर्षं...”

“मॅडम, हा वाण शेतकऱ्याच्या वावरात गेला, तं बियान्याच्या थैलीसंगं अकरा बाया देता येतीन का आपल्याले? नाई दिल्या तं तो एक टक्क्यावर येईन. मंग तो शेतकरी कोनाले विचारीन?”

मॅडमनी चष्मा काढून पुसला. “पण पुरावा काय लावू? अहवालात काय लिहू, की तुम्हाला स्वप्न पडलं?”

खुशालरावांनी डायरी पुढे केली. “बाराही दिवसांची नोंद हाये. पक्ष्यांच्या संख्येसकट. अन् खाली तुमची सही हाये.”

मॅडमनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्या इतक्या हसल्या की बाहेरचा शिपाई आत डोकावला, आणि हसता हसताच त्यांनी रुमाल शोधला.

अहवालात सात नंबरपुढे ‘अपात्र’ आलं. शेऱ्याच्या रकान्यात खुशालरावांनी लिहिलं: ‘बोंड बोचत नाही.’ मॅडमनी विचारलं, “हे मोजायचं कशात?” त्यांनाही माहीत नव्हतं. शेरा राहिला.

अपात्र वाणाचा कापूस बाकीच्या ढिगात मिसळून टाकायचा, असा नियम होता, आणि खुशालराव नियमाचे भक्त होते. म्हणूनच त्यांनी त्याआधी एक टिपण सादर केलं. ‘सदर पिशव्यांमध्ये चाचणीबाह्य कापूस, मुठी एकशे बत्तीस, वजन तीन किलो चारशे बत्तीस ग्रॅम, आढळून आला आहे. तो केंद्राच्या मालकीचा नसल्याने ढिगात मिसळता येणार नाही. संबंधित अकरा महिलांस परत करणे उचित. बदामी मुठी वगळता कोणती मूठ कोणाची हे ओळखता येत नसल्याने, परतफेड सात नंबरच्या पिशव्यांतूनच, डोळे मिटून, यादृच्छिक पद्धतीने करावी.’

टिपण निर्दोष होतं. मॅडमनी ते दोनदा वाचलं आणि सरकीसकट एकशे बत्तीस मुठींचा अर्थ काय होतो, हे त्यांच्या लक्षात आलं. दोन किलोंवर सरकी, म्हणजे सात नंबरचं पेरण्याजोगं बियाणं. त्यांनी चष्मा वर ढकलला, सही केली आणि म्हणाल्या, “डोळे मात्र नीट मिटा.”

डोळे मिटल्यावर खुशालरावांना काय काय दिसतं, हे आपल्याला ठाऊकच आहे.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी तीनच्या सुमारास, जानरावाच्या धुऱ्यावर अकरा बाया ओळीने बसल्या. खुशालरावांनी वही उघडून रीतसर नावं पुकारली आणि प्रत्येकीच्या पदरात बारा-बारा मुठी घातल्या. पहिल्या मुठीबरोबर प्रत्येकीला सांगितलं, “हे सरकी जपून ठेवजो. अंगनात लाव, धुऱ्याले लाव. लय काई देनार नाई, एकच टक्का जास्त. पन बोटाले आराम हाये.”

“बदामी हाये का याच्यात एखादी?” दामिनीने विचारलं.

“बदामी तुह्या पिशवीत परत गेल्या. याच्यात सगळा पांढराच.”

“सगळा? तुमचे डोये तं मिटले होते ना?”

“मिटलेच होते,” खुशालराव म्हणाले, आणि पुढची मूठ काढली.

वाटप संपलं. पिशवी रिकामी झाली. तेव्हा खुशालरावांना दिसलं की पार्बताबाई जरा बाजूला, पाय पसरून बसली आहे, आणि वहीत तिचं नावच नाही. ती मूठ घेणारी, देणारी नव्हे. परत करायचं तर तिचं काहीच परत करायचं नव्हतं. टिपण इतकं निर्दोष झालं होतं की ज्या हातांमुळे हे सगळं घडलं, तेच मोकळे राहिले होते. त्यांनी पिशवी झटकली. खिसे चाचपले. चार बोंडं मावतील असा शर्टाचा खिसाही चाचपला.

माणिकबाई उठली. पदरात हात घातला, ती बेचाळीस ग्रॅमवाली मूठ भरली आणि म्हातारीच्या ओटीत उघडली. तिच्यामागून रूपाली उठली. मग एकेक. ऊन अंगाशी येऊन बसलं होतं. बोडक्या शेतावरून एक पुंजका तरंगत आला, खुशालरावांच्या पापणीसमोर थबकला, आणि काहीही न घडल्याने पुढे गेला. म्हातारी वर बघत नव्हती. सहा, सात, आठ. शेवटी दामिनी.

खुशालरावांनी घड्याळ पाहिलं. डायरी काढली. ‘दु. ३.२०. शेत शांत. धुऱ्यावर अकरा बाया.’ एकतीस वर्षांत उघड्या डोळ्यांनी केलेलं हे पहिलंच निरीक्षण. सहीची जागा त्यांनी सवयीने मोकळी सोडली.